अमापियानो: आठ महिने ऐकल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, पहिले दोन आठवडे मला हे अमापियानो, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं डान्स म्युझिक, बोअर झालं होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये तिकडच्या टायला या गायिकेला ग्रॅमी मिळालं हे माहीत होतं, पण तिचं म्हणजे पॉप, त्यात अमापियानोची फोडणी. बऱ्याच उशिरा मूळ माल ऐकायला घेतला तर सात-सात मिनिटांची गाणी, आणि पहिली दोन मिनिटं नुसता शेकर आणि पियानोचे कॉर्ड, काही होतच नाही!

चूक माझीच होती, मी फोनच्या स्पीकरवर ऐकत होतो. यातला जो लॉग ड्रम आहे ना, तो फोनवर जवळपास गायबच होतो. हेडफोन लावले आणि उडालोच. नावाला ड्रम, पण आवाज कॉम्प्युटरवर बनवलेला, आणि तो नुसता वाजत नाही तर बेस होऊन सूर बदलत घसरतो, डग्ग्यावर मनगट दाबून घासल्यावर जो घुमारा निघतो तसा काहीसा. मग ती दोन मिनिटं कशासाठी ते कळलं, तो येणार येणार म्हणून वाट बघायला लावतात.

हे सगळं जोहान्सबर्ग-प्रिटोरियाच्या टाउनशिपमधून, म्हणजे शहराकडेच्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधून आलंय, 2010 नंतरच्या दशकात, डीप हाउस (क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक 'हाउस' म्युझिकचा एक प्रकार), जॅझ आणि क्वाइटो हे तिकडचं जुनं डान्स म्युझिक यांच्या मिश्रणातून. रेडिओवर यायच्या आधी पोरं व्हॉट्सॲपवरून फाइली फिरवायची. वेग साधारण मिनिटाला 112 ठोक्यांच्या आसपास, म्हणजे हाउसपेक्षा संथ, त्यामुळे मी काम करताना तासन्‌तास लावून ठेवतो, डोकं उठत नाही. यातल्या कलाकारांपैकी कब्झा डी स्मॉल आणि डीजे मापोरिसा ही जोडी पार्टीला, केल्विन मोमो रात्री एकट्याने ऐकायला. मला मोमो जास्त आवडतो, खरं तर आता त्याचंच व्यसन लागलंय.

तक्रार एकच. मी जे ॲप वापरतो त्यावर 'आफ्रिका' नावाच्या एकाच प्लेलिस्टमध्ये नायजेरियातल्या लागोसचं अफ्रोबीट्स, टांझानियाचं बोंगो फ्लेवा आणि हे, सगळं कोंबलंय. अरे, 54 देश आहेत! उद्या कुणी भांगडा आणि लावणी एकाच डब्यात भरली तर आपण गप्प बसू का? शेवटी स्वतःच एकेका कलाकाराच्या मागे जाऊन लिस्ट केली.

शब्द अजूनही कळत नाहीत, झुलू, सोथो, इंग्लिश आणि टाउनशिपची बोली एकाच ओळीत येते. 'अमापियानो' म्हणजे झुलूत 'पियानो'चं अनेकवचन, एवढं मात्र कळलं. बायको म्हणते, तू भलतंच काहीतरी गुणगुणतोस. बरोबरच आहे तिचं.