डॉर्टमुंड विद्यापीठाची लोंबती मोनोरेल: छोटा मार्ग, नेमकी सेवा

जर्मनीतील डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठाचा परिसर उत्तर आणि दक्षिण अशा दोन भागांत विभागलेला आहे. त्यांना जोडणारी ‘हा-बान’ ही चालकाविना धावणारी लोंबती मोनोरेल १९८४ साली सुरू झाली, तेव्हा तिचा मार्ग जेमतेम एक किलोमीटरचा होता. माझ्या मते तिचे खरे यश या लहानपणातच आहे. आधी एक निश्चित गरज भागवली गेली आणि मग, १९९३ साली, मार्ग आयखलिंगहोफेन वस्तीपर्यंत व विद्यापीठाच्या उपनगरी रेल्वे स्थानकापर्यंत वाढवण्यात आला. २००३ मध्ये तो शेजारच्या तंत्रज्ञान केंद्राला जोडला गेला. आजही संपूर्ण मार्ग तीन किलोमीटरांहून फारसा मोठा नाही, आणि स्थानके अवघी पाच आहेत.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे रेल्वेशी असलेली तिची गाठ. उपनगरी गाडी जमिनीखालच्या फलाटावर थांबते आणि हा-बानचे स्थानक थेट तिच्या वर आहे, त्यामुळे शहरातून येणाऱ्या विद्यार्थ्याला गाडी बदलण्यासाठी रस्ता ओलांडून दूरवर चालावे लागत नाही. तिकीटही त्या प्रदेशातील सामायिक भाडेपद्धतीचेच चालते. विद्यापीठासाठी मोनोरेल आखणाऱ्या कोणत्याही नियोजनकर्त्याने खांबांच्या रचनेपूर्वी हा जोड अभ्यासावा, असे मला मनापासून वाटते.

रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. डब्याची चाके खालून उघड्या असलेल्या पोकळ पोलादी तुळईच्या आत फिरतात, म्हणून पाऊस आणि बर्फ धावपट्टीपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. जवळच्याच वुपरटाल शहरातील १९०१ सालची प्रसिद्ध लोंबती रेल्वे मात्र उघड्या रुळावर धावते. चालकाची केबिन नसल्याने पुढच्या काचेतून समोरची वाट मोकळी दिसते, आणि झाडांच्या शेंड्यांजवळून होणारा हा छोटा प्रवास सुखद वाटतो.

उणिवाही आहेत, आणि नव्या प्रकल्पासाठी त्या गंभीर मानायला हव्यात. डबे लहान आहेत. व्याख्याने सुटल्यावर एकाच वेळी लोटणारी गर्दी सामावण्यासाठी फेऱ्या दाट ठेवाव्या लागतात, आणि मार्गाचा बराचसा भाग एकेरी असल्याने एका डब्याचा खोळंबा मागच्यांनाही भोगावा लागतो. त्याहून मोठी अडचण तंत्राची आहे: सीमेन्सने विकसित केलेली ही प्रणाली डॉर्टमुंडखेरीज केवळ ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर वापरात आहे. इतक्या विरळ तंत्राचे सुटे भाग आणि जाणकार कारागीर दशकानुदशके मिळवत राहणे सोपे नाही. म्हणून नव्या विद्यापीठ परिसरासाठी मी हा-बानचा मार्ग, तिची टप्प्याटप्प्याने झालेली वाढ आणि रेल्वेशी जुळलेले स्थानक जरूर उचलेन, पण डबे आणि तुळई मात्र अनेक उत्पादकांकडून मिळू शकतील अशाच प्रकारची निवडेन.