लिंकन कॉन्टिनेन्टल १९६१ : साधेपणातला दिमाख

छत्रपती संभाजीनगरातील एका हौशी संग्राहकाकडे १९६१ सालची लिंकन कॉन्टिनेन्टल कन्व्हर्टिबल (छप्पर उघडणारी गाडी) निवांत पाहता आली आणि जालना रस्त्यावर तिच्यात बसून थोडे हिंडताही आले. त्या काळातील इतर अमेरिकी गाड्यांचे शेपटासारखे पंख आणि क्रोमची लयलूट हिच्यावर नाही. डिझायनर एल्वूड एंगेल यांनी मुळात फोर्डच्याच थंडरबर्ड या गाडीसाठी मांडलेली ही कल्पना फोर्डचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅक्नमारा यांनी लिंकन या कंपनीच्या आलिशान गाड्यांसाठी उचलली. आदल्या वर्षीची लिंकन २२७ इंच लांब होती, ही साधारण २१२ इंचांची आहे. तरीही सपाट बाजू आणि वरच्या कडेने धावणारी क्रोमची एकच रेघ यांमुळे ती अधिक भारदस्त दिसते.

मागचे दार मागच्या बाजूला बिजागरी असल्याने उलटे उघडते. ही निव्वळ हौस नव्हे: गाडी आखूड केल्यावर नेहमीच्या दारातून उतरताना पाय अडखळू लागले, त्यावरचा हा तोडगा होता. दार उघडताच मागची काच आपोआप किंचित खाली सरकते, कारण पुढच्या काचेची कड तिच्यावर चढलेली असते. अशी बारीक काळजी ठायी ठायी दिसते.

वेगळी चासी नसून सांगाडा आणि बॉडी एकसंध आहे. छप्पर नसतानाही गाडी पिळवटू नये म्हणून तिला इतके मजबूत केले आहे की वजन सव्वादोन टनांच्या वर जाते. ४३० घनइंचांचे, म्हणजे सुमारे सात लिटरचे व्ही-८ इंजिन ३०० अश्वशक्ती देते, त्यामुळे हे वजन जाणवत नाही. पेट्रोलचा विषय मात्र न काढलेला बरा. ब्रेक चारही चाकांना ड्रमचेच आहेत (पुढच्या चाकांना अधिक प्रभावी डिस्क ब्रेक आले ते १९६५ साली), आणि आपल्याकडच्या अचानक समोर येणाऱ्या गतिरोधकांपुढे ते तोकडे वाटतात.

छप्पर विजेच्या मोटर, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाचे) पंप आणि रिले (विजेवर आपोआप चालणारे स्विच) यांच्या साखळीने स्वतःला घडी घालून डिकीत जाते. त्यानंतर सामानाला जागा जवळपास उरत नाही. शिवाय एक रिले रुसला की छप्पर अर्ध्यावर अडते आणि अशी वायरिंग उलगडणारा इलेक्ट्रिशियन सहज सापडत नाही. मराठवाड्याच्या मे महिन्यात उघड्या छपराची गाडी तशीही संध्याकाळीच काढावी लागते. म्हणून घ्यायचीच झाली तर मी सेदान घेईन: तेच दरवाजे, तीच रेघ, आणि डोक्यावर पक्के छत.