उंची बदलणारे टेबल : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

उभे राहूनही काम करता यावे म्हणून मी विजेवर वर-खाली होणारे टेबल घेतले. पण अकरा महिन्यांनंतर त्याचा सर्वांत मोठा उपयोग मला बसून काम करतानाच झाला, असे सांगावे लागते. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. आपल्याकडे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट उंचीचे असते. त्यावर हात टेकवायचे तर मला खांदे उचलून धरावे लागत, किंवा खुर्ची इतकी वर घ्यावी लागे की पायांखाली पाट ठेवल्याशिवाय भागत नसे. मी अनुवादक असल्याने रोज सात-आठ तास टंकलेखन होते आणि मानखांद्यांचे दुखणे मी बैठ्या कामाच्या माथी मारत आले होते. कोपर काटकोनात आणि मनगट सरळ राहील अशी टेबलाची उंची माझ्यासाठी ६४ सेंटिमीटर निघाली. टेबल तिथे आणल्यावर दीड-दोन महिन्यांत खांदे हलके झाले.

म्हणून घेणाऱ्याने कमाल उंचीआधी किमान उंची पाहावी. दोन टप्प्यांचे, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचे, पाय असलेले अनेक सांगाडे ७० सेंटिमीटरच्या खाली उतरत नाहीत. तीन टप्प्यांचे पाय ६०-६२ पर्यंत येतात. ते महाग पडतात, तरी कमी उंचीच्या माणसाने तो खर्च टाळू नये. दिलेल्या मापात वरच्या फळीची जाडी धरली आहे का, हेही विचारून घ्यावे.

उभे राहण्याबद्दल माझी अपेक्षा चुकीची होती. पहिल्या आठवड्यात सलग दोन तास उभी राहिले आणि टाचा व पोटऱ्या इतक्या दुखल्या की पुढचे तीन दिवस बसूनच काढले. आता एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे, दिवसातून तीन-चारदा उभी राहते, आणि कठीण फरशीवर जाड रबरी मॅट अंथरते. लाभ आहे तो स्थिती बदलण्यात. नुसते ताटकळणेही शरीराला मानवत नाही. ही कल्पना नवीनही नाही. रॉबर्ट प्रॉप्स्ट आणि जॉर्ज नेल्सन यांनी हर्मन मिलर या अमेरिकी फर्निचर कंपनीसाठी १९६४ मध्ये आणलेल्या ‘ॲक्शन ऑफिस’ या कार्यालयीन फर्निचरच्या संचामध्ये उभ्याने काम करण्याचे टेबल होते.

त्रास झाला तो फळीचा. सांगाड्यासोबत आलेली भुशाची फळी पुण्याच्या पहिल्याच पावसाळ्यात, खिडकीकडच्या कडेने फुगली. विक्रेत्याने ‘ओलाव्याचे नुकसान’ म्हणून बदलून देण्यास नकार दिला. शेवटी सुताराकडून १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायवर सनमायका लावून, चारही कडा पट्टीने बंद करून घेतल्या. ही नवी फळी आजही सपाट आहे. कागदावरची भारक्षमता पुरेशी असूनही पूर्ण उंचीवर जोरात टंकले की संगणकाचा पडदा किंचित हलतो. वायरींना वर जाण्याइतकी ढील आधीच ठेवावी. पडद्याची वायर ताणली जाऊन तो एकदा पडता पडता वाचला. टेबल हलत असताना वीज गेली तर कधी कधी बटणे चालेनाशी होतात. मग खाली जाण्याचे बटण दाबून धरत टेबल पार तळापर्यंत न्यावे लागते. माहितीपत्रकात हे इतक्या बारीक अक्षरांत होते की मी पहिल्यांदा कारागीर बोलावून बसले होते.

संध्याकाळी माझी मुलगी त्याच टेबलावर अभ्यास करते. ती माझ्यापेक्षा पाच इंच उंच आहे. ठरवलेल्या उंचीवर नेणाऱ्या बटणांपैकी दुसरे दाबले की टेबल तिच्या ७० सेंटिमीटरवर जाते, आणि सकाळी मी पहिले दाबते.