सणाच्या गोळ्यांचे साचे आणि पाकाचा थर्मामीटर: एका संचाचे परीक्षण

शेजारीपाजारी वाटण्यासाठी सणाला शोभतील अशा आकारांच्या कडक गोळ्या घरीच करता याव्यात, म्हणून घेतलेला हा संच आता आमच्या स्वयंपाकघरात चांगला रुळला आहे. त्यात चांदणी, घंटा, चंद्रकोर आणि पान या आकारांचे सिलिकॉनचे साचे, पातेल्याच्या कडेला अडकवता येणारा थर्मामीटर आणि चोच असलेले छोटे भांडे मिळते. खोक्यावर साच्यांचेच चित्र मोठे छापलेले असले, तरी माझ्या मते या संचाची खरी किंमत थर्मामीटरमुळे वसूल होते.

एकतारी किंवा गोळीबंद पाक अनुभवी हाताला बोटांवर ओळखता येतो. परंतु कडक गोळीचा पाक साधारण 149 ते 154 अंश सेल्सिअसला तयार होतो आणि तिथे बोट लावण्याचा प्रश्नच येत नाही. या टप्प्याच्या आधीच पाक उतरवला, तर गोळी दाताला चिकटते आणि 160 अंशांच्या पुढे गेला, तर रंग तांबूस होऊन चवीत कडवटपणा उतरू लागतो. पाण्याचा अंश संपत आला की शेवटचे काही अंश फार झपाट्याने चढतात, त्यामुळे 145 अंशांपासून नजर काट्यावरच हवी. या संचातला काटा ठळक असून वाफेतही वाचता येतो. तो अचूक आहे का, हे उकळत्या पाण्यात बुडवून पाहावे: समुद्रसपाटीला त्याने 100 अंश दाखवले पाहिजेत, 98 दाखवले, तर कृतीतल्या प्रत्येक तापमानातून दोन अंश वजा करावेत.

सोबतच्या पुस्तिकेत केवळ साखर आणि पाणी घेण्यास सांगितले आहे, हे मला पटले नाही. नुसत्या साखरेच्या पाकात पुन्हा स्फटिक धरतात आणि काचेसारखी दिसायला हवी ती गोळी रवाळ व धुरकट होते. 400 ग्रॅम साखरेला 200 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि 150 मिलिलीटर पाणी घेतल्यास हा धोका बराच टळतो. रंग, अर्क आणि सायट्रिक आम्ल पातेले उतरवल्यावर, उकळी पूर्ण बसल्यानंतरच घालावे. आम्ल आधी घातले, तर साखरेचे विघटन होऊन गोळी पुढे ओलसर राहते.

साच्यांबद्दल माझे मत संमिश्र आहे. घंटा आणि पान अलगद सुटून येतात, पानावरच्या शिरासुद्धा स्पष्ट उमटतात. चांदणीची टोके मात्र इतकी निमुळती आहेत की काढताना एखादे तरी मोडतेच, आणि वाटायच्या गोळ्यांत असा तुटका नग ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. साचे लवचीक असल्याने ते आधी ताटात मांडून मगच पाक ओतावा; भरलेला साचा उचलताना वाकला, तर हातावर सांडणारा पाक उकळत्या पाण्यापेक्षा अधिक तापलेला असतो आणि त्वचेला चिकटून राहतो. सिलिकॉनला पुदिन्याच्या अर्काचा वास धरतो, म्हणून त्यासाठी एक साचा वेगळा राखलेला बरा.

वेष्टनाचे कागद संचात नाहीत आणि ही उणीव मोठी आहे. साखर हवेतील ओलावा खेचते, त्यामुळे गोळ्या थंड होताच एकेक गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्या लागतात. उघड्या राहिलेल्या गोळ्या दमट हवेत काही तासांतच चिकट होतात. शेजाऱ्यांना देताना पुडीवर घटकांची चिठ्ठी आवर्जून लावावी, कारण सुकामेवा किंवा दूध कोणाला चालत नाही हे आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. चार वर्षांखालील मूल असलेल्या घरी कडक गोळ्या देऊच नयेत, कारण त्या घशात अडकू शकतात. पुस्तिकेत ही सूचना पहिल्या पानावर हवी होती, ती कुठेच नाही.

पाक करण्याचा सराव नसलेल्यांनी हा संच जरूर घ्यावा. घरात चांगला थर्मामीटर असेल, तर घंटेचा आणि पानाचा साचा सुटा मिळतो का, ते आधी पाहावे.