सेंटन की बेराटना?

इंदूरला आमची आजी अजून "घटकाभर थांब" म्हणते. साठ पळांची एक घटका, म्हणजे २४ मिनिटं, हिशेब पक्का. १९७८च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अंतराळातल्या टीव्ही मालिकेने वेळ मोजायला 'मायक्रॉन', 'सेंटन' असे शब्द आणले. पण सेंटन कधी मिनिटाएवढा, कधी बराच मोठा. पात्रांना घाई आहे की सवड, तेच कळत नाही. 'फ्रॅक' ही शिवी मात्र तोंडात बसते. त्याच नावाच्या नव्या मालिकेनेही ती ठेवली.

मला 'द एक्स्पान्स' ही अंतराळातलीच मालिका कितीतरी सरस वाटते. निक फार्मर या भाषातज्ज्ञाने लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या लोकांसाठी अनेक भाषांच्या सरमिसळीतून बोली रचली. 'बेराटना' म्हणजे भाऊ, 'बेल्टालोडा' म्हणजे आपण पट्ट्यातली माणसं. बोलताना हातवारेही मोठाले, कारण अंतराळपोशाखात चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. किती बारीक विचार केलाय! ऐकताना मला आमची इंदूरची पोह्यांची गाडी आठवते: "भिया (म्हणजे भाऊ), एक प्लेट लावा, जिरावण (पोह्यांवरचा मसाला) जरा जास्त." त्यात मराठी कुठे संपते नि हिंदी कुठे लागते, सांगता येत नाही. बेराटना मला त्या भियासारखाच ओळखीचा वाटतो.