मेलमन ३ : हत्यारं सगळी आहेत, पण म्यानातच ठेवलेली

जीएनयू मेलमन ३ हे मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर टाकलेला मेल सगळ्या सदस्यांना पोहोचवणारी यादी, चालवण्याचं मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. मागचं काम करणारा गाभा, लिस्टची सेटिंग्ज सांभाळणारं पोस्टोरियस आणि जुने मेल दाखवणारं हायपरकिटी असे त्याचे तीन भाग. २.१ ही जुनी मालिका पायथन २ वर बसलेली आहे आणि पायथन २ चा आधार २०२० च्या सुरुवातीलाच संपला, त्यामुळे आज मेलमनवर नव्याने लिस्ट उभी करायची तर ३ घेण्याला पर्याय नाही. मांडणी, दिसणं, शोध या गोष्टींवर पुष्कळ लिहिता येईल. पण मंडळ असो, माजी विद्यार्थी संघ असो की संशोधकांचा गट, लिस्ट चालवणाऱ्याला रात्री फोन येतो तो एकाच कारणासाठी : ‘मेल आला नाही.’ म्हणून इथे मेलमन तेवढ्याच कसोटीवर पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. मेल पोहोचवण्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं मेलमनमध्ये आहे, पण नवी लिस्ट तयार होते तेव्हा सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग बंद असतं. विषयाच्या आधी कंसात लिस्टचं नाव लागतं, खाली फूटर चिकटतो आणि डीमार्कवरचा उपाय ‘काही करू नका’ वर असतो. डीमार्क म्हणजे ‘फ्रॉम’मधल्या डोमेनच्या नावाने आलेला मेल खरा आहे का हे तपासण्याची आणि नसेल तर काय करायचं ते ठरवण्याची व्यवस्था. यापेक्षा वाईट जुळणी शोधून सापडणार नाही.

एक उदाहरण घेऊ. याहूचा पत्ता असलेल्या सदस्याने लिस्टला मेल टाकला. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या डोमेनसाठी डीमार्कचं धोरण ‘रिजेक्ट’ केलं. म्हणजे आमच्या नावाने आलेला मेल तपासणीत नापास झाला तर सरळ परत पाठवा. मेलवर याहूची डीकिम सही असते, म्हणजे मेल वाटेत बदललेला नाही हे दाखवणारी सर्व्हरची डिजिटल सही. मेलमनने विषयात ‘[मंडळ]’ घातलं आणि तळाला दोन ओळी जोडल्या की मजकूर बदलला आणि सही मोडली. एसपीएफ, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का ही तपासणी, पास होते, पण लिस्टच्या डोमेनसाठी. डीमार्कला या दोहोंपैकी एक तरी फ्रॉममधल्या डोमेनशी जुळलेलं लागतं. फ्रॉममध्ये याहू आहे, त्यामुळे जुळणी नाही. दोन्ही पाय निखळले. जीमेल हा मेल ५५० ५.७.२६ हा कोड देऊन दारातूनच परत करतं.

खरं नुकसान यानंतर होतं. परत आलेला मेल मेलमन ‘बाउन्स’ म्हणून मोजतं आणि तो गुण चढतो जीमेलवाल्या सदस्याच्या नावावर. त्या बिचाऱ्याचा काहीही दोष नसतो. दिवसाला जास्तीत जास्त एक गुण चढतो. पाच गुण झाले की त्याला मेल पाठवणं थांबतं, मग सात सात दिवसांनी तीन इशारे जातात आणि शेवटी त्याचं नाव लिस्टमधूनच निघतं. सलग सात दिवस बाउन्स झाला नाही तर जुने गुण पुसले जातात. म्हणून गप्प लिस्टवर हा रोग दिसत नाही. बोलक्या लिस्टवर मात्र एक याहूवाला रोज लिहू लागला की आठवड्याभरात जीमेलवाले गठ्ठ्याने बंद पडतात. अनेक सदस्य एकाच दिवशी बंद झालेले दिसले तर त्यांच्या पत्त्यांत खोट शोधत बसू नका. त्या आठवड्यात मेल कोणी टाकले ते बघा. सेटिंग दुरुस्त झाल्यावर या सदस्यांची डिलिव्हरी हाताने पुन्हा चालू करावी लागते, ती आपोआप होत नाही.

दुरुस्ती पोस्टोरियसमध्ये आहे. लिस्ट उघडा, सेटिंग्जमध्ये ‘डीमार्क मिटिगेशन्स’ ही पाटी आहे. तिथे ‘रिप्लेस फ्रॉम विथ लिस्ट अॅड्रेस’ निवडा. आता फ्रॉममध्ये ‘अमुक व्हाया मंडळ’ असं नाव आणि लिस्टचा पत्ता दिसेल. डोमेन लिस्टचंच असल्यामुळे तुमच्या सर्व्हरची सही जुळते. त्याच पाटीवर ‘मिटिगेट अनकंडिशनली’ हा दुसरा पर्याय आहे. तो बंद असेल तर मेलमन प्रत्येक लेखकाच्या डोमेनचं धोरण डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींत, पाहतं आणि ‘रिजेक्ट’ किंवा ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) असेल तरच फ्रॉम बदलतं. कागदावर हे शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात जीमेलचं धोरण ‘नन’ (काही करू नका) असल्यामुळे जीमेलवाल्यांचे मेल मोडक्या सहीनिशी तसेच पुढे जातात. ते परत येत नाहीत, पण स्पॅममध्ये जाण्याची पाळी त्यांच्यावर येते, आणि सदस्यांना काही मेल एका रूपात, काही दुसऱ्याच रूपात दिसतात. विषयातलं नाव आणि फूटर ठेवायचा असेल तर हा पर्याय चालूच करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याची एक किंमत आहे आणि ती सदस्यांना आधी सांगायला हवी. फ्रॉम बदलल्यावर मूळ लेखकाचा पत्ता रिप्लाय-टू मध्ये जातो. पण उत्तरं लिस्टवरच जावीत असं सेटिंग तुम्ही केलं असेल, तर तो सीसीमध्ये जातो. अशा लिस्टवर ‘रिप्लाय’ दाबून खासगी दोन शब्द लिहिले तर ते सगळ्या गावाला जातात.

फ्रॉमला हात लावायचा नसेल तर दुसरी वाट आहे आणि ती जास्त स्वच्छ आहे : मेलला हातच लावू नका. विषयाच्या आधीचं नाव काढून टाका. ‘टेम्प्लेट्स’मध्ये जाऊन सदस्यांच्या नेहमीच्या मेलच्या फूटरसाठी नवा, रिकामा टेम्प्लेट करून ठेवा. नुसता दुर्लक्षित ठेवलात तर मूळचा इंग्रजी फूटर लागतच राहतो. एचटीएमएलचं साध्या मजकुरात रूपांतर बंद करा. मग लेखकाची सही शाबूत राहते आणि तिच्या बळावर मेल पास होतो. अडतं दोन ठिकाणी. ज्या कचेऱ्यांचे सर्व्हर डीकिम सही करतच नाहीत, नुसत्या एसपीएफवर चालतात, त्यांचे मेल तरीही नापास होतात. आणि काही सर्व्हर रिप्लाय-टू किंवा लिस्टची शीर्षकं (हेडर) सुद्धा सहीखाली बांधून टाकतात. ती मेलमनने घातली की सही तुटते. तांत्रिक मंडळींच्या लिस्टला ही वाट शोभते. सर्वसाधारण सदस्यांच्या लिस्टला पहिलीच बरी.

मूळ मेल दुसऱ्या मेलमध्ये गुंडाळून पाठवण्याचा पर्यायही त्या यादीत आहे. फोनवर वाचणाऱ्यांना तो जोडपत्रासारखा दिसतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. एआरसीची, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने आपल्या तपासणीचा निकाल सहीनिशी जोडत जाण्याची, सोय गाभ्यात आहे, चालू करायला हरकत नाही, पण ती साखळी मानायची की नाही हे घेणारा सर्व्हर ठरवतो. तिच्या भरवशावर वरचं सेटिंग सोडू नये.

आता मराठी लिस्टला खास चावणारी गोष्ट. मेलच्या आकाराची मर्यादा मुळात ४० केबी असते. इंग्रजी मजकुराला ती पुरते. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर, मात्रा आणि अनुस्वार यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेतो आणि मेलमधून पाठवण्यासाठी बेस६४ या रूपात गेल्यावर त्याचे ४ होतात. वर जीमेलसारख्या ठिकाणाहून पाठवलेल्या मेलमध्ये तोच मजकूर दोनदा असतो, एकदा साधा आणि एकदा एचटीएमएल. म्हणजे मात्रा धरून साधारण ५,००० अक्षरांवर ४० केबी भरतात, आणि त्यात खाली ओढत आणलेली मागची उत्तरंही मोजली जातात. एखाद्या प्रोग्रामने बेस६४ ऐवजी क्वोटेड-प्रिंटेबल हे रूप वापरलं तर एका अक्षराचे ९ बाइट होतात. असा मेल हरवत नाही. तो मान्यतेसाठी अडकून राहतो. नियंत्रकाने रांग पाहिली नाही तर लिहिणाऱ्याला वाटतं, गेला. ‘मेसेज अॅक्सेप्टन्स’मध्ये कमाल आकार ३०० ते ५०० केबी करा. त्याच पानावर पत्त्यांची कमाल संख्या १० असते. ‘टू’ आणि ‘सीसी’त घरच्या सगळ्यांना घालून लिहिणाऱ्यांचे मेल त्यात अडकतात, तीही थोडी वाढवा.

सर्व्हरच्या बाजूला मेलमनचं कौतुक हात आखडूनच करावं लागतं, कारण इथे चूक झाली तर ते आवाज करत नाही. डॉकरमधून, म्हणजे सॉफ्टवेअर तयार कंटेनरांत चालवणाऱ्या सोयीतून, मेलमन बसवणाऱ्यांकडून सर्रास राहून जाणारी गोष्ट ओपनडीकिमची, म्हणजे मेलवर डीकिम सही करणाऱ्या प्रोग्रामची आहे. डॉकरच्या तयार मांडणीत मेलमनचे कंटेनर १७२.१९.१९९.०/२४ या जाळ्यात असतात. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या ‘मायनेटवर्क्स’मध्ये हे जाळं घालायला सगळे शिकतात, कारण नाही घातलं तर मेलच जात नाही. ओपनडीकिमच्या ‘इंटर्नल होस्ट्स’मध्ये मात्र ते राहून जातं. मग मेल जातो, पण विनासही. हाताने सर्व्हरवरून चाचणीचा मेल पाठवला तर त्यावर सही दिसते, कारण तो १२७.०.०.१ वरून गेलेला असतो, आणि लिस्टच्या मेलवर नसते. ओपनडीकिममध्ये ‘लॉग व्हाय’ चालू करा. लॉगमध्ये कंटेनरच्या आयपीपुढे ‘नॉट इंटर्नल’ अशी ओळ दिसली की हेच दुखणं. हे जाळं ‘इंटर्नल होस्ट्स’मध्ये घालताना १२७.०.०.१ सुद्धा लिहायला विसरू नका. ते आधी न लिहिताच मानलं जात होतं, यादी दिल्यावर मानलं जात नाही.

दुसरी तशीच मुकी चूक : पोस्टफिक्समध्ये ‘रिसिपियंट डिलिमिटर’ अधिकचं चिन्ह नसणं. परत येणारा मेल कोणाचा ते ओळखता यावं म्हणून ‘व्हर्प’ ही सोय चालू असेल तर मेलमन सदस्याचा पत्ताच परतीच्या पत्त्यात अधिकच्या चिन्हापुढे गुंफतं. हे चिन्ह पोस्टफिक्सला ठाऊक नसेल तर बाउन्स मेलमनपर्यंत पोहोचतच नाही. बंद पडलेले पत्ते वर्षानुवर्षं यादीत राहतात, तुम्ही त्यांच्यावर मेल मारत राहता आणि तुमच्या आयपीची पत घसरत जाते.

डीएनएसचं काम एकदाच असतं, म्हणून थोडक्यात. लिस्टच्या डोमेनला एसपीएफची नोंद एकच हवी, दोन झाल्या की तपासणी चुकीत निघते. त्या नोंदीतून होणारे शोध १० च्या आत हवेत. डीकिमची किल्ली २०४८ बिटांची घ्या आणि डीएनएसमध्ये २५५ अक्षरांच्या तुकड्यांत मोडून लिहा. आयपीवरून नाव आणि नावावरून आयपी दोन्ही जुळली पाहिजेत. इथे आयपीव्ही६ हमखास दगा देतो. आयपीव्ही४ च्या पत्त्याची उलटी (आयपीवरून नावाची) नोंद केलेली असते, सहाची नसते, आणि सर्व्हर जीमेलशी सहावरूनच बोलतो. परत येणारा कोड ५५० ५.७.२५. नोंद करा, नाहीतर तोवर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वर ठेवा.

संख्येचा हिशेबही करून ठेवा. ५०० सदस्यांच्या लिस्टवर दिवसाला १० मेल पडले की ५,००० मेल बाहेर गेले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्या डोमेनला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचं आहे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवाव्या लागतात. लिस्टमधून बाहेर पडायला मेलमन शीर्षकात मेलचा पत्ता देतं. एका टिचकीत बाहेर पडण्यासाठी मात्र एचटीटीपीएसचा दुवा आणि ‘लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट’ हे वेगळं शीर्षक लागतं. मोठ्या लिस्टसाठी मेलमनची ही बाजू लंगडी आहे. बाहेर पडण्याची वाट सापडली नाही की माणूस ‘स्पॅम’ हे बटण दाबतो, म्हणून सोडण्याचा दुवा महिन्यातून एकदा साध्या मराठीत लिस्टवर टाकत जा.

जुन्या सर्व्हरवरून नव्या आयपीवर हलताना पहिल्याच दिवशी सगळी लिस्ट सोडू नका. ४२१ ने सुरू होणारा कोड हा नकार नसतो, ‘जरा दमानं’ असा निरोप असतो. पोस्टफिक्स पुन्हा प्रयत्न करतं. जीमेलसाठी वेगळा मार्ग करून दर मेलमागे एक सेकंदाचा विसावा दिला तर बहुतेक वेळा भागतं.

आणि लॉग उघडण्याआधी दोन गोष्टी विचारा, कारण पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. तक्रार करणारा जीमेलवर आहे आणि त्याला स्वतःचाच मेल लिस्टवरून परत आलेला दिसत नाही? मग तो पोहोचलेला आहे. मेसेज आयडी तोच असल्यामुळे जीमेल दुसरी प्रत दाखवत नाही. अशा सदस्याच्या पसंतीत ‘अॅक्नॉलेज पोस्ट्स’ चालू करा, त्याला पोच मिळेल. दुसरं, त्याचं नाव मूळ मेलच्या ‘टू’ किंवा ‘सीसी’त होतं का? मेलमन अशा सदस्याला लिस्टची प्रत न पाठवण्याचा पर्याय देतं आणि तो चालू असू शकतो.

लॉग वाचणारा माणूस हाताशी नसेल, तर मेलमन स्वतः चालवू नका. गूगल ग्रुप्स कडक धोरणाच्या डोमेनचा फ्रॉम स्वतःच बदलून घेतं आणि आयपीची चिंता तुमच्या माथी येत नाही. सदस्यांची यादी आणि जुने मेल आपल्याच ताब्यात हवेत, आणि आठवड्याला तासभर द्यायची तयारी आहे, तर मेलमन ३ जरूर घ्या.

सदस्य भरण्याआधी जीमेल, याहू, आउटलुक आणि स्वतःच्या डोमेनचा एकेक असे चार पत्ते लिस्टमध्ये घाला. प्रत्येकावरून एक मेल टाका. मग जीमेलमध्ये, जीमेलवरून टाकलेला सोडून, बाकीच्या प्रत्येक मेलवर ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क, तिन्हीपुढे ‘पास’ हवं, आणि डीकिमच्या ओळीतलं डोमेन फ्रॉममधल्या डोमेनशी जुळायला हवं. याहूवरून टाकलेला मेल इथे पास झाला की मगच खरी यादी चढवा.