चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य : भरती-ओहोटी पाहूनच जावे

गोव्यात पणजीजवळच्या रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी नदी ओलांडली की चोडण बेटावर उतरल्यावर थोडेसे चालून डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या प्रवेशद्वाराशी पोहोचता येते. पक्षितज्ज्ञ डॉ. अलींच्या निधनानंतर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९८८ साली घोषित झालेले हे अभयारण्य बेटाच्या पश्चिम टोकाला सुमारे १.७८ चौरस किलोमीटर एवढ्या जागेत आहे. पणजीला इतके लागून असलेले हे कांदळवन टिकून आहे, याचे मोल मला फार वाटते. परंतु वेळ न पाहता जाणाऱ्याला त्यातले निम्मेही दिसत नाही.

ओहोटीच्या वेळी खारफुटीतून काढलेल्या उंच पायवाटेने सावकाश चालावे. उघड्या पडलेल्या चिखलावर निवट्या उड्या मारत सरकताना दिसतात, एक नांगी अवाजवी मोठी असलेले नर खेकडे ती हलवून माद्यांना खुणावतात आणि तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळे सर्वत्र वर आलेली असतात. तिवराचे पान उलटून पाहिल्यास झाडाने बाहेर टाकलेल्या मिठाचे बारीक कण कधीकधी सापडतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या शेंगांसारख्या लांब रोपांना तर झाडावर असतानाच अंकुर फुटलेला असतो. याच चिखलावर तुतारी, चिखल्या, टिलवा हे हिवाळी पाहुणे खाद्य टिपतात, त्यामुळे पक्ष्यांसाठी येणाऱ्याने ओहोटीच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि होडी आतल्या अरुंद फाट्यांत शिरू शकते. तेव्हा वाकलेल्या फांद्यांवर खंड्यांचे निरनिराळे प्रकार जवळून पाहता येतात. पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या पश्चिम किनाऱ्यावर मोजक्याच ठिकाणी आढळतो आणि चोडण हे त्यांपैकी एक आहे. मगर आणि पाणमांजर यांचाही येथे वावर आहे, पण ती दिसतीलच असे गृहीत धरू नये. होडी ठरवताना मात्र शांतपणे नेणारा नावाडी निवडावा. एका खासगी पर्यटक बोटीने मोठ्याने गाणी लावल्यामुळे काठावरचे सगळे बगळे एकदम उडून गेल्याचे मी पाहिले आहे, आणि त्या बोटीतील मुलांना पुढे काहीच पाहायला मिळाले नसणार याचे मला मनापासून वाईट वाटले.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. दुर्बीण सोबत असावी. अभयारण्यातल्या निरीक्षण मनोऱ्यावरून तिचा विशेष उपयोग होतो.

तिथीच्या अंकाला पाऊणपटीने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा कोकणपट्टीतला जुना हिशेब येथेही कामी येतो, मात्र होडी सांगण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहावेच. पायवाट आणि होडी दोन्ही एकाच दिवशी साधायचे असेल, तर तृतीया किंवा चतुर्थीच्या आसपासचा दिवस धरावा. त्या दिवशी सकाळी आठ-नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते आणि दुपारी होडी आत जाण्याइतके पाणी चढते.